उघड्या काळाच्या सरासरीवरून चॅनेल बंद होण्याचा दर काढावा का?

प्रश्न साताऱ्याच्या एका एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे. पुण्यातील एका प्रयोगशाळेत घेतलेली, स्नायूपेशीतील अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरच्या (हा रेणू बांधला गेला की उघडणाऱ्या पेशीपटलातील प्रथिनाच्या) एकेका चॅनेलमधून, म्हणजे आयन जाऊ देणाऱ्या छिद्रामधून, वाहणाऱ्या विद्युतधारेची नोंद त्यांना प्रकल्पासाठी मिळाली आहे. अ‍ॅसिटिलकोलीनची संहती अगदी कमी ठेवलेली होती. चॅनेल उघडल्यावर ५ पिकोअँपिअर धारा वाहते आणि ३ किलोहर्ट्झच्या फिल्टरनंतर (म्हणजे त्याहून वेगवान चढउतार गाळल्यावर) नॉइजचे प्रमाण विचलन ०.५ पिकोअँपिअर भरते. धारेच्या निम्म्यावर उंबरठा ठेवून त्यांनी उघड्या काळांची यादी केली, तेव्हा सरासरी ४.२ मिलिसेकंद आली. तीच नोंद १ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून काढली तेव्हा सरासरी ५.१ मिलिसेकंद झाली. यातली खरी सरासरी कोणती, आणि तिचा व्यस्त घेऊन ‘बंद होण्याचा दर’ म्हणून लिहायचा का, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्हींपैकी कोणतीही खरी नाही, आणि व्यस्त घेऊन दर लिहू नये. तुम्ही फिल्टर बदलून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण उत्तराची किल्ली तिथेच आहे: चॅनेलला तुमच्या फिल्टरची काही खबर नसते, तेव्हा फिल्टरबरोबर बदलणारा आकडा हा चॅनेलचा गुणधर्म असू शकत नाही. तो चॅनेल आणि मापनयंत्रणा या दोघांचा मिळून तयार झालेला आकडा आहे. त्यातून यंत्रणेचा वाटा वेगळा काढणे हेच या विश्लेषणातले मुख्य काम आहे, आणि ते सरासरी काढून झाल्यावर करायची दुरुस्ती नसून पहिल्या पायरीपासून हिशेबात धरायची गोष्ट आहे.

नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनेलची धारा प्रथम नोंदवली. १९८१ मध्ये पिपेट (काचेची बारीक नळी) आणि पेशीपटल यांच्यातील सीलचा, म्हणजे घट्ट जोडाचा, रोध गिगाओहमपर्यंत नेण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि हे तंत्र (पॅच क्लॅम्प) सर्वत्र पसरले. सीलचे महत्त्व किती, हे साध्या औष्णिक नॉइजच्या सूत्रावरून कळते: ५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थला १०० मेगाओहमचे सील एकटेच सुमारे ०.९ पिकोअँपिअर नॉइज देते, तर १० गिगाओहमचे सील ०.०९. पाच पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला तीन कोटींवर आयन, पण ही धारा तुम्हाला फक्त ‘वाहते’ किंवा ‘वाहत नाही’ एवढेच सांगते. बंद चॅनेल रिकामे आहे, अ‍ॅसिटिलकोलीनचा एक रेणू बांधून आहे की दोन, हे धारेत दिसत नाही. ते कालावधींच्या वितरणावरून ओळखावे लागते.

देल कास्तियो आणि कात्झ यांनी १९५७ मध्ये मांडलेली कल्पना अशी की रेणू बांधला जाणे आणि चॅनेल उघडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. स्नायूतील रिसेप्टरला तिचे आजचे साधे रूप लावले तर चार अवस्था होतात: रिकामी, एकबद्ध, द्विबद्ध पण बंद, आणि द्विबद्ध व उघडी. द्विबद्ध-बंद अवस्थेत आलेल्या चॅनेलपुढे दोन वाटा असतात: पुन्हा उघडणे, किंवा एक रेणू सोडून देणे. आता तुमच्या नोंदीच्या जवळ जातील असे काल्पनिक आकडे घेऊ. बंद होण्याचा दर सेकंदाला १,०००, उघडण्याचा दर ४०,००० आणि एक रेणू सुटण्याचा एकूण दर १०,००० धरा. म्हणजे प्रत्येक उघडा काळ सरासरी १ मिलिसेकंदाचा असेल; मधला विराम एक भागिले ५०,००० सेकंद, म्हणजे सरासरी २० मायक्रोसेकंदांचा असेल; आणि रेणू सुटण्यापूर्वी चॅनेल सरासरी चार वेळा पुन्हा उघडेल. एका बर्स्टमध्ये, म्हणजे अशा लागोपाठच्या उघडण्यांच्या गटामध्ये, पाच उघडे काळ आणि त्यांच्यामध्ये चार अतिशय छोटे विराम, असे हे चित्र आहे.

असा एखादा २० मायक्रोसेकंदांचा विराम तुमच्या पडद्यावर कसा दिसेल ते पाहा. गॉसियन फिल्टरचा १० ते ९० टक्के चढणीचा काळ सुमारे ०.३३ भागिले कटऑफ वारंवारता (म्हणजे फिल्टरचे ३ किंवा १ किलोहर्ट्झ) असतो. ३ किलोहर्ट्झला तो ११० मायक्रोसेकंद होतो. त्याहून इतका छोटा विराम आला की धारा शून्यापर्यंत पोचतच नाही. ती खाली जायला निघते आणि पूर्ण उंचीच्या जेमतेम १८ टक्के, म्हणजे ०.९ पिकोअँपिअर उतरून परत वर येते. नॉइजचे प्रमाण विचलनच ०.५ आहे. त्यामुळे उघड्या पातळीवरच्या इतर शेकडो खाचांमध्ये ही खाच डोळ्यालाही ओळखू येणार नाही आणि निम्म्यावरच्या उंबरठ्याला तर ती शिवणारही नाही. उंबरठ्यापर्यंत पोचायला विराम किमान किती लांब हवा, याला डेड टाइम म्हणतात. गॉसियन फिल्टर आणि ५० टक्के उंबरठा असेल तर तो ०.१७९ भागिले कटऑफ वारंवारता, म्हणजे ३ किलोहर्ट्झला ६० मायक्रोसेकंद.

सरासरी २० मायक्रोसेकंदांच्या घातांकी वितरणात ६० मायक्रोसेकंदांहून मोठे विराम केवळ ५ टक्के असतात. म्हणजे दर बर्स्टमधल्या चार विरामांपैकी सरासरी ०.२ विराम दिसतो, बाकीचे गायब होतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे उघडे काळ एकमेकांना चिकटतात. सुमारे ५.०८ मिलिसेकंदांचा बर्स्ट १.२ तुकड्यांत विभागला जातो आणि दिसणारा सरासरी उघडा काळ ४.२ मिलिसेकंद होतो. १ किलोहर्ट्झला डेड टाइम १७९ मायक्रोसेकंद होतो, तेव्हा जवळजवळ एकही विराम वाचत नाही आणि सरासरी ५.१ मिलिसेकंद येते. ती खरे तर बर्स्टची लांबी आहे. १० किलोहर्ट्झला ती १.९ मिलिसेकंद आली असती. मूळ उघडा काळ या साऱ्या वेळी १ मिलिसेकंदच होता. तुमच्या नोंदीमागे नेमके हेच दर आहेत असे मी म्हणत नाही, पण ४.२ चा व्यस्त घेऊन तुम्ही सेकंदाला २४० लिहिले असते, आणि या उदाहरणापुरते ते चौपटीहून अधिक चुकले असते.

मग १० किलोहर्ट्झच का ठेवू नये? नॉइजमुळे. बँडविड्थ वाढली की प्रमाण विचलन किमान वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, उच्च वारंवारतेला त्याहूनही जास्त. म्हणजे तुमच्या ०.५ चे किमान ०.९ होईल. नॉइज केवळ योगायोगाने उंबरठा ओलांडण्याचा दर ढोबळपणे कटऑफ वारंवारतेच्या ०.८५ पट गुणिले एक घातांकी पद असतो, आणि त्या घातांकात उंबरठा व प्रमाण विचलन यांच्या गुणोत्तराचा वर्ग बसलेला असतो. उंबरठा २.५ पिकोअँपिअरवर असताना ३ किलोहर्ट्झला हे गुणोत्तर ५ आहे, त्यामुळे खोटी घटना शंभरेक सेकंदांत एखादी. १० किलोहर्ट्झला गुणोत्तर २.७ वर येते आणि खोट्या घटना सेकंदाला दोनशेच्या घरात जातात. हा वर्ग आणि तो घातांक यांमुळे मधली स्थिती फारशी उरत नाही. गुणोत्तर ५ च्या खाली गेले की नोंद झपाट्याने निकामी होते. म्हणून फिल्टर ‘डोळ्याला गुळगुळीत दिसते’ यावर ठरवू नये, या गुणोत्तरावर ठरवावा. तुमचा ३ किलोहर्ट्झचा फिल्टर याच हिशेबाने योग्य आहे.

मात्र तो खरोखर ३ आहे का, हे पाहा. अँप्लिफायरवर १० किलोहर्ट्झचा फिल्टर आधीच लावलेला असेल आणि तुम्ही संगणकावर ३ चा लावला असेल, तर वारंवारतांच्या वर्गांचे व्यस्त मिळवून परिणामी कटऑफ २.९ च्या आसपास येतो. इथे फरक थोडा आहे, पण दोन्ही फिल्टर ५ चे असते तर परिणाम ३.५ झाला असता आणि डेड टाइमचा सारा हिशेब हलला असता. फिल्टर बेसेल किंवा गॉसियन हवा. बटरवर्थ फिल्टर पायरीच्या टोकाला हेलकावे देतो आणि ते छोट्या घटनांसारखे दिसतात. सॅम्पलिंग कटऑफच्या दहापट असावे. नवी नोंद घ्यायची असेल तर ती शक्यतो पावसाळ्यात नको, निदान पिपेटचा होल्डर कोरडा करून मगच. साताऱ्यासारख्या हवेत होल्डरच्या आत साचणारी ओल नॉइज किती वाढवते, हे ज्याने ढगाळ जुलैमध्ये रिग (नोंदीची यंत्रणा) चालवला आहे त्याला सांगायला नको.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचे आकडे तिथूनच येतात. उंबरठ्याने काढलेल्या यादीत ६० मायक्रोसेकंदांच्या आसपासचे काही कालावधी नॉइजच्या मदतीने आलेले असतात आणि काही तसेच गळलेले असतात. ही धूसर कड तशीच ठेवली तर तिचे गणित करता येत नाही. म्हणून एक ठाम मर्यादा ठरवायची, समजा ७० मायक्रोसेकंद, आणि यादी पहिल्यापासून पुन्हा वाचत त्याहून छोटा प्रत्येक काळ, उघडा असो वा बंद, काढून त्याचा वेळ आधीच्या काळात मिळवायचा. याने माहिती थोडी कमी होते हे खरे, पण काय गाळले गेले हे आता नेमके ठाऊक असते. हिस्टोग्रामवर ७० मायक्रोसेकंदांखालचे स्तंभ नुसते झाकणे म्हणजे हे नव्हे. तसे केल्याने चिकटलेले शेजारचे काळ दुरुस्त होत नाहीत.

हिस्टोग्राम काढायचा तर वेळेचा अक्ष लॉगॅरिदमिक आणि उभा अक्ष वर्गमुळाचा ठेवा. सिगवर्थ आणि साइन यांनी १९८७ मध्ये सुचवलेली ही मांडणी अशी आहे की प्रत्येक घातांकी घटकाचे शिखर त्याच्या कालस्थिरांकावर येते आणि सर्व स्तंभांतली अनिश्चितता सारखी दिसते. पण हा आलेख पाहण्यासाठी आहे. त्यातून घटक किती आहेत याचा अंदाज घ्या, दर त्यातून काढू नका.

दर काढण्यासाठी संपूर्ण क्रमाची लाइकलिहुड, म्हणजे दिलेल्या दरांनी तो क्रम दिसण्याची संभाव्यता, वापरावी लागते. कोल्क्वून आणि हॉक्स यांनी १९७७ पासून दराच्या मॅट्रिक्सवर आधारलेला सिद्धांत उभा केला; न दिसणाऱ्या घटना धरून दिसणाऱ्या कालावधींचे अचूक वितरण काय होते, हे हॉक्स, जलाली आणि कोल्क्वून यांनी १९९० व १९९२ मध्ये सोडवले. चिन, ऑयरबाख आणि सॅक्स यांनी १९९६ मध्ये याच कामासाठी जवळपासची पण वेगाने चालणारी पद्धत दिली. एचजेसीफिट आणि क्यूयूबी ही सॉफ्टवेअर याच दोन परंपरांतली आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात, तेव्हा सांगली-साताऱ्यात रिग जवळ नसला तरी हे काम अडत नाही. या पद्धतीत तुम्ही अवस्थांची योजना आणि ७० मायक्रोसेकंदांची मर्यादा देता, आणि ‘या दरांनी, या मर्यादेखाली, हाच क्रम दिसण्याची संभाव्यता’ सर्वाधिक करणारे दर संगणक शोधतो. सलग कालावधींचा परस्परसंबंधही त्यात आपोआप येतो. छोट्या विरामाशेजारी लांब उघडे काळ येतात का, ही माहिती वेगवेगळ्या हिस्टोग्राममध्ये हरवते.

इथे एक सापळा आहे. एकाच नोंदीवर, एकाच मर्यादेने फिट केले तर कधी कधी दोन वेगळी उत्तरे जवळजवळ सारखीच चांगली बसतात: एकात विराम फार छोटे आणि फार अनेक, दुसऱ्यात थोडे लांब आणि थोडे कमी. म्हणून सुरुवातीचे अंदाज बदलून फिट परत परत चालवा, आणि मर्यादा ७० ऐवजी १०० मायक्रोसेकंद करूनही पाहा. खरे उत्तर दोन्ही मर्यादांना टिकते, भ्रामक उत्तर सरकते.

आता तुमच्या नोंदीतून किती मागता येईल, याबद्दल. पॅचमध्ये, म्हणजे पिपेटखालच्या पटलाच्या तुकड्यात, चॅनेल एकच आहे, असे प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. दोन उघड्या पातळ्या कधीच दिसल्या नाहीत म्हणून चॅनेल एकच, हा निष्कर्ष उघडे राहण्याची संभाव्यता मोठी असेल तेव्हाच काढता येतो. ती शंभरात एक असेल तर पॅचमध्ये चार चॅनेल असूनही दोन एकदम उघडलेली क्वचितच दिसतील. कमी संहतीच्या नोंदीत म्हणूनच बर्स्टमधील काळ भरवशाचे असतात, पण दोन बर्स्टमधला लांब विराम कोणत्या चॅनेलचा, हे कळत नसल्याने तो निरर्थक असतो. नोंद बर्स्टमध्ये तोडून घ्या. तोडण्याचा काळ असा निवडतात की त्याहून लांब निघालेल्या छोट्या विरामांचे प्रमाण आणि त्याहून छोट्या निघालेल्या लांब विरामांचे प्रमाण सारखे राहावे. छोट्यांची सरासरी २० मायक्रोसेकंद आणि लांबांची ५० मिलिसेकंद असेल, तर हा काळ १२० मायक्रोसेकंद येतो आणि दोन्हीकडची चूक पाव टक्क्याच्या आसपास राहते. बर्स्टच्या आधीचा व नंतरचा विराम ‘यापेक्षा लांब होता’ एवढेच लाइकलिहुडला सांगण्याची सोय कोल्क्वून, हॉक्स आणि स्रॉड्झिन्स्की यांनी १९९६ मध्ये करून ठेवली आहे.

एवढे केल्यावर या एका नोंदीतून बंद होण्याचा दर, उघडण्याचा दर आणि रेणू सुटण्याचा दर, असे तीन आकडे मिळू शकतात. रेणू बांधला जाण्याचा दर मिळणार नाही. त्याला वेगवेगळ्या संहतींच्या नोंदी लागतात आणि त्या सर्व एकत्र, एकाच दरसंचाने फिट कराव्या लागतात. जास्त संहतीला रिसेप्टर असंवेदनशील होऊन (रेणू बांधलेला असूनही दीर्घकाळ बंद राहून) नोंद क्लस्टरमध्ये, म्हणजे लांब शांततांमधल्या उघड-बंदच्या गटांत, विभागली जाते. एका क्लस्टरमधला सारा काळ एकाच चॅनेलचा असल्याने तिथले विरामही उपयोगी पडतात. पुण्याच्या प्रयोगशाळेकडे अशा नोंदी असतील तर त्या जरूर मागा.

अवस्था वाढवत नेल्याने फिट सुधारते म्हणून वाढवत राहू नका. स्थिर परिस्थितीत एका चॅनेलच्या नोंदीतून जास्तीत जास्त ‘दोन गुणिले उघड्या अवस्था गुणिले बंद अवस्था’ इतकेच स्वतंत्र दर ठरू शकतात, हे फ्रेडकिन, मोंटाल आणि राइस यांनी १९८५ मध्ये दाखवले. चार अवस्थांच्या वरच्या योजनेत ही मर्यादा बरोबर सहा येते आणि दरही सहाच आहेत, म्हणजे आदर्श नोंदीतही शिल्लक काही नाही. शिवाय मर्यादेत बसणाऱ्या दोन योजनासुद्धा एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतीलच असे नाही. बंद-बंद-उघडी आणि बंद-उघडी-बंद या दोन रांगा एका संहतीच्या नोंदीत अगदी सारखेच कालावधी देतात. सॉफ्टवेअर दोन्हींना तीच लाइकलिहुड देईल आणि त्यातली एक निवडणे हे तुमच्या जीवरासायनिक माहितीचे काम राहील. एकबद्ध अवस्थेतूनही चॅनेल उघडते असे मानले तर योजनेत चक्र तयार होते, आणि मग चक्रावरील दरांचा गुणाकार दोन्ही दिशांनी समान ठेवण्याचे बंधन घालावेच लागते.

अनिश्चिततेचा आकडा उत्तराबरोबर द्या. हजार कालावधींच्या घातांकी सरासरीत सुमारे ३ टक्के चूक असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तुमच्या नोंदीतली अडचण त्या सरासरीत नाही. हजार बर्स्ट असतील तर वरच्या उदाहरणाप्रमाणे ६० मायक्रोसेकंदांहून लांब विराम दोनशेच दिसतील. मर्यादेच्या पलीकडची त्यांची शिल्लक सरासरी २० मायक्रोसेकंदच असते, हा घातांकी वितरणाचा गुण आहे आणि त्यावरच सारे फिट उभे असते. दोनशे विरामांवरून हा २० चा आकडा ७ टक्के चुकीने कळतो. न दिसलेले विराम मोजायला मात्र ६० भागिले २० हा घातांक वापरावा लागतो, आणि त्यात ती चूक तिप्पट होते. त्यामुळे विरामांची एकूण संख्या, आणि तिच्याबरोबर बंद होण्याचा दर, वीस टक्क्यांच्या आसपास अनिश्चित राहतो. ७० ची मर्यादा घातली तर तीस टक्क्यांच्या आसपास. कोणी अशाच नोंदीवरून तीन सार्थ अंकांचा दर छापला असेल तर तो सॉफ्टवेअरने छापलेला आहे असे समजा.

आपली पद्धत बरोबर चालते का, हे तपासायला खऱ्या नोंदीआधी खोटी नोंद तयार करा. वर दिलेले दर घ्या, त्यांवरून उघड-बंदचा क्रम संगणकावर काढा, ०.५ पिकोअँपिअर उरेल असा नॉइज मिसळून ३ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून काढा, आणि मग उंबरठा, ७० मायक्रोसेकंदांची मर्यादा, १२० चे तोडणे आणि फिट या सर्व पायऱ्या जशाच्या तशा लावा. १,०००, ४०,००० आणि १०,००० हे आकडे त्या तीस टक्क्यांच्या आत परत आले तर साखळी शाबूत आहे. असे शेकडो संच रात्रभर चालवता येतात. फक्त प्रत्येक संचाचा निकाल लगेच फाइलमध्ये लिहिला जाईल असे पाहा, वीज पहाटे कधी जाईल याचा नेम नसतो.

अहवालात ४.२ आणि ५.१ हे दोन्ही आकडे ठेवा, पण ‘दिसणारा सरासरी उघडा काळ’ या नावाने, आणि प्रत्येकाशेजारी परिणामी कटऑफ वारंवारता व लादलेली मर्यादा लिहा. दर वेगळ्या तक्त्यात द्या, योजनेच्या आकृतीसह, किती बर्स्ट वापरले त्या संख्येसह आणि मर्यादा १०० मायक्रोसेकंद केल्यावर तेच दर किती आले त्या स्तंभासह. आधी या स्तंभाचे आकडे कळवा. ते ७० च्या आकड्यांपासून लांब गेले असतील तर बाकीचा तक्ता पाहण्याआधी आपल्याला योजनेकडेच परत यावे लागेल.